सातशे अंगणांचे शहर

ॲमस्टरडॅम हे नाव ऐकले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कालवे उभे राहतात. त्यांच्या काठची अरुंद, उंच घरे, सायकलींच्या रांगा आणि ट्युलिपची फुले. परदेशवारी करून आलेले स्नेही आपल्याला हौसेने जी छायाचित्रे दाखवतात, त्यांतही हेच असते. पण या शहराने गेल्या शतकात एक काम असे करून ठेवले आहे की, त्याचे छायाचित्र काढायचे तर काढायचे कशाचे, असा प्रश्न पडावा. वाळूने भरलेला एक हौद, चारदोन काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी नळीची एखादी कमान, दोन बाक आणि एक झाड. बस्स! एवढ्या सामानावर १९४७ ते १९७८ या काळात ॲमस्टरडॅमने आपल्या मुलांसाठी सातशेहून अधिक खेळाच्या जागा उभ्या केल्या. हिशेब केला तर साधारण दर पंधरवड्याला एक पडते. आणि या जागांची कल्पना व रचना मुख्यतः एकाच माणसाच्या हातची होती.

ही गोष्ट सुबत्तेच्या काळातली असती तर तिचे एवढे नवल वाटले नसते. परंतु ती सुरू झाली तेव्हा त्या शहराची दशा फार वाईट होती.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडात शिरल्या आणि मे १९४५ पर्यंत ठाण मांडून बसल्या. त्यांतला शेवटचा हिवाळा डच लोक अजूनही 'भुकेचा हिवाळा' म्हणूनच ओळखतात. अन्न संपले, कोळसा संपला. देशाच्या पश्चिम भागात सुमारे २०,००० माणसे भुकेने आणि थंडीने मेली. घरातली शेगडी पेटती राहावी म्हणून ॲमस्टरडॅमच्या लोकांनी रस्त्यांवरची झाडे तोडली, ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उखडून नेले, आणि जी घरे ओस पडली होती त्यांची दारे, जिने, तुळया काढून जाळल्या. तुळया गेल्यावर घर कसे टिकणार? ती घरे ढासळली, किंवा मागाहून पाडावी लागली. ती ओस का पडली होती, ते पुढे सांगतो.

युद्ध संपले आणि, जगात सगळीकडे झाले तसे, हॉलंडातही घरोघर पाळणे हलू लागले. मुले झाली खूप, पण राहायला घरे नाहीत. नवी बांधायला विटा नाहीत, लाकूड नाही, पैसा नाही. ॲमस्टरडॅममधली जुनी घरे तीनचार मजल्यांची, एकेक मजला एकेका कुटुंबाचा, आणि जिने इतके खडे व अरुंद की त्यांना शिडीच म्हणावे. चाळीतल्या दोन खोल्यांत ज्यांनी संसार केला, त्यांना त्या बायांची अडचण वेगळी समजावून सांगायला नको. मूल घरात असले तर पायात पायात येते आणि खाली सोडले तर डोळ्यांआड होते.

तशी त्या शहरात क्रीडांगणे पूर्वीही होती. पण ती बहुतेक खासगी मंडळांनी चालवलेली. त्यांना कुंपण असे, दाराशी देखरेख करणारा माणूस असे, आणि सभासदांच्याच मुलांना आत प्रवेश मिळे. ज्याच्या बापाने वर्गणी भरली नाही, ते पोर कुंपणाबाहेर.

महापालिकेच्या नगररचना खात्यात तेव्हा याकोबा मुल्डर नावाच्या बाई होत्या. नगररचनेत मोठ्या जागेवर स्त्री असणे त्या वेळी युरोपातही विरळाच. शहराच्या दक्षिणेला 'ॲमस्टरडॅमसे बोस' नावाचे जे विस्तीर्ण मानवनिर्मित रान आहे, त्याच्या आराखड्यात या बाईंचा मोठा वाटा होता. पुढे १९५८ साली त्या खात्याच्या प्रमुखही झाल्या. सांगतात ती गोष्ट अशी की, बाईंनी एकदा आपल्या घरापाशी एक लहान मुलगी पाहिली. फरसबंदी रस्त्यात झाडाच्या बुंध्याभोवती जेवढी उघडी माती राहते तेवढ्याच मातीत ती पोर उकरत बसली होती. हजारो हेक्टरांचे नकाशे आखणाऱ्या त्या बाईंच्या मनात आले, की या मुलीला हवी आहे ती जागा आपल्या कोणत्याच नकाशात नाही. प्रत्येक वस्तीत, घराच्या दारात, वर्गणीवाचून आणि कुंपणावाचून, अशी एक छोटी जागा का असू नये?

हे काम त्यांनी खात्यात नव्यानेच आलेल्या एका तरुणाकडे सोपवले. त्याचे नाव आल्डो व्हान आइक.

व्हान आइक यांचा जन्म १९१८ चा. वडील कवी, आणि एका डच वृत्तपत्राचे लंडनमधील बातमीदार. त्यामुळे बालपण सारे इंग्लंडात गेले. वास्तुशिल्पाचे शिक्षण झुरिकला झाले. तेवढ्यात युद्ध पेटल्यामुळे ते तिथेच राहिले, आणि त्या काळात नव्या चित्रकलेतल्या व शिल्पकलेतल्या मंडळींशी त्यांचा चांगला परिचय झाला. १९४६ साली ते ॲमस्टरडॅमच्या खात्यात रुजू झाले. ज्याला आर्प आणि ब्रांकुशी यांच्या शिल्पांचे वेड आहे, मोठमोठ्या वास्तूंची स्वप्ने ज्याच्या डोक्यात आहेत, अशा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या माणसाला पहिले काम मिळाले ते वाळूच्या हौदाचे! दुसरा एखादा हिरमुसला असता. यांनी ते असे मनावर घेतले की पुढे १९५० नंतर नोकरी सोडून स्वतःची कचेरी थाटल्यावरही हे काम काही सोडले नाही.

पहिली जागा १९४७ मध्ये शहराच्या दक्षिण भागात, बेर्टेलमानप्लाइन नावाच्या एका लहानशा चौकात झाली. चौक तो केवढा, तर अंदाजे पंचवीस मीटर बाय तीस मीटर. तिची रचना जरा सावकाश पाहण्यासारखी आहे. चौकाच्या एका कोपऱ्याकडे वाळूचा हौद. हौदाला काँक्रीटचा चांगला रुंद काठ. हौदात चार गोल ठोकळे आणि एक नळ्यांची चौकट. हौदासमोर, तिरप्या दिशेला, कोलांट्या मारण्यासाठी तीन दांड्या. कडेने झाडे आणि पाच बाक. संपले.

आता हा रुंद काठ घ्या. त्याच्यावर मुले वाळूचे मुटके थापून ओळीने मांडतात, म्हणजे तो ओटा झाला. त्याच्यावरून तोल सावरत चालतात, म्हणजे तो बांध झाला. दमलेली आई तिथेच टेकते आणि शेजारणीशी बोलते, म्हणजे तो कट्टा झाला. ठोकळ्यांचेही तसेच. एकावरून दुसऱ्यावर उडी मारा, वर उभे राहून भाषण करा, किंवा भोवती बसून त्याचे टेबल करा. हा ठोकळा म्हणजे काय, हे ठोकळा सांगत नाही. ते त्या दुपारी मुलांनी ठरवायचे आणि संध्याकाळी मोडायचे.

खेळाच्या जागेत काय असावे, याविषयी व्हान आइक यांची मते पक्की होती. हत्तीच्या, बदकाच्या आकाराची खेळणी त्यांना मुळीच पसंत नव्हती. हत्ती एकदा हत्ती झाला की तो हत्तीच राहतो, त्यात मुलाने भर काय घालायची? घसरगुंडी आणि झोपाळा यांच्यावरही त्यांची भिस्त नव्हती. घसरगुंडीवर वरून खाली यायचे, पुन्हा रांगेत उभे राहायचे, पुन्हा खाली यायचे. त्यांच्या वस्तू हलत नाहीत; हलायचे ते मुलाने. पुढे त्यांनी नळ्यांचा एक घुमट तयार केला. त्याला तिकडची मुले 'इग्लू' म्हणत. वर चढले की तो डोंगर, आत बसले की ते घर, आणि टोकावर दोघेतिघे जाऊन बसले की तीच टेहळणीची माची.

मला हे वाचताना आपल्याकडच्या दिवाळीतल्या किल्ल्याची आठवण झाली. इमारतीच्या आवारातला एक कोपरा, चार विटा, एक फाटके पोते आणि शेजारच्या बांधकामावरून आणलेली, म्हणजे खरे तर पळवलेली, माती. एवढ्यावर मुले आठ दिवस जेवणखाण विसरतात. बाजारात हल्ली तयार किल्ला मिळतो. तो अधिक सुबक असतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. असो.

बेर्टेलमानप्लाइनची जागा झाली आणि पलीकडच्या वस्तीतून महापालिकेला पत्र आले: आमच्या मुलांनाही असेच काही करून द्या. मग आणखी एक आले, मग आणखी. आणि इथे या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सुरू होतो. त्या पत्रांना केराची टोपली दाखवली गेली नाही. उलट, कामाची पद्धतच त्यांच्यावरून ठरली. रहिवाशाने पत्र लिहायचे; आमच्या रस्त्यात अमुक अमुक जागा पडीक आहे, तिथे कचरा साठतो, तिचे काही करता येईल का, असे कळवायचे. खात्याचा माणूस जाऊन जागा पाहून येई. जागा मिळण्यासारखी असली की व्हान आइक तिचा आराखडा करत, आणि सार्वजनिक बांधकाम खाते ती बांधून देई. त्या पत्रांपैकी कित्येक अजून शहराच्या दप्तरात जपलेली आहेत. कोणती पडीक जागा कुठे आहे, हे तिथल्या आयांना माहीत होते आणि नगररचना खात्याला नव्हते. म्हणून खात्याने त्यांना विचारले, इतकीच ही युक्ती.

ती ज्या खात्याने केली ते पाहिले तर मात्र मौज वाटते. खात्यातले थोर पुरुष म्हणजे कोर्नेलिस व्हान एस्टेरेन. आधुनिक वास्तुशिल्पज्ञांची जी आंतरराष्ट्रीय परिषद त्या काळी साऱ्या जगाला शहरे कशी बांधावीत ते शिकवत होती, तिचे ते १९३० ते १९४७ पर्यंत अध्यक्ष होते. त्या परिषदेचे तत्त्व असे की, शहराची कार्ये चार: राहणे, काम करणे, करमणूक आणि रहदारी. चारांची चार दालने वेगळी करा, मधून रुंद रस्ते काढा, भरपूर उजेड आणि हवा खेळू द्या. या तत्त्वात खोटे काही नव्हते. कोंदट गल्ल्यांत क्षयाने माणसे मरत होती, त्या काळात ते एक वरदानच होते. पण ही नजर घारीची. घारीला वरून चौक दिसतो, चौकातल्या झाडाच्या बुंध्याशी बसलेली मुलगी दिसत नाही. त्याच कचेरीत, त्याच टेबलांवर, एकीकडे पंचवीस-तीस वर्षांच्या विस्ताराचे भव्य नकाशे आखले जात होते आणि दुसरीकडे आठवड्याच्या टपालातून आलेल्या पत्रांवरून कोपरे भरले जात होते.

आणि कोपरे तरी किती तऱ्हेचे! दोन रस्ते मिळतात तिथला त्रिकोण. रुंद रस्त्याच्या मधली पट्टी. पुलाजवळचा तुकडा. शहराच्या पश्चिमेला नव्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या इमारतींमधली हिरवळ. सामान तेच, पण मांडणी दरवेळी निराळी. घरात डाळ, तांदूळ, पीठ रोज तेच असते आणि तरी सुगरणीच्या घरी रोज तेच जेवण होत नाही, त्यातलाच हा प्रकार. बहुतेक मांडण्यांत एक गोष्ट मात्र व्हान आइक सांभाळत: हौद ते बरोबर मध्यावर ठेवत नसत. मध्य असला की त्याच्याभोवती बाकीचे सारे ताटकळत उभे राहते. त्यांच्या जागांत हौद एका बाजूला, ठोकळे दुसरीकडे, कमानी तिसरीकडे, आणि मधल्या रिकाम्या फरशीला कोणाची मालकी नाही. तिथे चेंडू खेळा, दोरीच्या उड्या मारा, नाहीतर म्हाताऱ्यांनी उन्हाला खुर्च्या टाकाव्यात. कुंपण नसल्यामुळे मोठी माणसे सहज तिथून ये-जा करीत. मुले खेळत नसली तरी ती जागा उजाड वा बावळट दिसत नसे. रिकाम्या क्रीडांगणातली घसरगुंडी जशी केविलवाणी दिसते, तशी तिची गत होत नसे.

आता त्या ओस घरांबद्दल.

ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात जुनी ज्यू वस्ती होती. युद्धापूर्वी हॉलंडात सुमारे १,४०,००० ज्यू राहत, आणि त्यांतले बरेचसे ॲमस्टरडॅममध्ये. जर्मनांनी त्यांना पकडून पूर्वेकडच्या छळछावण्यांत धाडले. १,०२,००० हून अधिक परत आले नाहीत. याच शहरातल्या एका घराच्या मागल्या भागात लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या मुलीची दैनंदिनी आपल्याकडेही घरोघर वाचली गेली आहे. ती ज्यांच्यातली एक होती, त्यांची घरे रिकामी पडली आणि भुकेच्या हिवाळ्यात ती लाकडासाठी ओरबाडली गेली. युद्धानंतर त्या भागात घरांच्या ओळींमध्ये जागोजाग खिंडारे दिसत. दात पडलेल्या जबड्यासारखी. मध्यवस्तीतल्या अशा काही रिकाम्या जागांतही व्हान आइक यांचे हौद आणि ठोकळे आले. तिथून जवळच डाइकस्ट्राट नावाच्या गल्लीत, दोन घरांच्या उंच भिंतींमधल्या एका चिंचोळ्या फटीत, १९५४ साली खेळाची जागा झाली. थोड्याच वर्षांत झेडाइक रस्त्यावर दुसरी झाली. तिथल्या उघड्या भिंतींवर योस्त व्हान रोयेन या चित्रकाराने रंगीत आकृत्या काढल्या.

याविषयी दोन मने होतात. ज्या भूमीवरून माणसे ओढून नेली गेली, तिथे पुन्हा मुलांचा कलकलाट व्हावा, यापरते चांगले काय, असे एक मन म्हणते. आणि दुसरे म्हणते की, तिथे पूर्वी कोण राहत होते, त्यांचीही मुले होती, हे सांगणारी एक ओळ तरी त्या भिंतीवर का नव्हती? त्या काळचे ॲमस्टरडॅम त्याविषयी बोलत नसे. मारल्या गेलेल्या त्या एक लाखाहून अधिक माणसांचे, एकेका विटेवर एकेक नाव, असे राष्ट्रीय स्मारक त्या शहरात उभे राहायला २०२१ साल उजाडावे लागले. खेळाच्या जागांचा यात काही दोष होता असे नाही. पण त्यांची सुंदर छायाचित्रे पाहताना, मागे जी उघडी भिंत दिसते, तिच्यावरचे जुन्या मजल्यांचे आणि चुलाण्यांचे वळ नजरेआड करू नयेत, असे मला वाटते.

व्हान आइक यांना या कामातून पुष्कळ काही सुचले. १९५६ साली दुब्रोवनिकला भरलेल्या त्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे त्यांनी आपल्या या जागांची चित्रे मांडली आणि बर्फाचे उदाहरण दिले. शहरावर बर्फ पडते तेव्हा मोटारी थांबतात, रस्ते बुजतात आणि सारे शहर काही काळ मुलांचे होते. पण बर्फ वितळते. तेव्हा मुलांसाठी बर्फाहून टिकाऊ असे काहीतरी शहरात पाहिजे, आणि ते असे पाहिजे की बर्फाप्रमाणे त्याने शहराचे रोजचे काम मात्र बंद पाडू नये. जमलेल्या विद्वानांना चार कार्यांचे तत्त्व शिकवणाऱ्या परिषदेत हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना करावी! त्याच सुमारास त्यांनी १२५ मुलांसाठी ॲमस्टरडॅमचे अनाथालय बांधायला घेतले. ते १९६० साली पुरे झाले, आणि जगभरच्या वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यांना ते अजून शिकवले जाते. त्या अनाथालयातले ठेंगणे कठडे, गोल खळगे, दोन पायऱ्यांचे चढउतार पाहिले की हे सारे आधी कुठल्या चौकात अजमावले गेले होते, हे ओळखायला वेळ लागत नाही.

परंतु बर्फाने जे काही तासांपुरते थांबवले होते, ते सुबत्ता आल्यावर दुप्पट जोराने आले. १९६० नंतर घरोघर मोटारी झाल्या. कुंपण नसलेली जी जागा कालपर्यंत रस्त्याची शोभा होती, तिच्या कडेने आता गाड्या धावू लागल्या. १९७१ या एका वर्षात हॉलंडात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अशाच एका अपघातात आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याने दिलेल्या नावावरूनच एक चळवळ उभी राहिली. नाव मोठे कठोर होते: 'मुलांची हत्या थांबवा'. ॲमस्टरडॅमच्या पाइप नावाच्या दाटीच्या भागात तर शाळकरी मुलेच आपल्या रस्त्यासाठी पुढे आली. रस्ता अडवून त्यांनी मोटारवाल्यांशी वाद घातला, आणि दूरदर्शनवर साऱ्या देशाने ते पाहिले.

आज हॉलंडची जी सायकलस्वारांसाठी ख्याती आहे, तिच्या मुळाशी हे दिवस आहेत. डेल्फ्ट गावात नगररचनाकारांनी रहिवाशांच्या साथीने काही गल्ल्या वाकड्या करून टाकल्या. मध्येच झाड, मध्येच बाक, मध्येच उंचवटा, म्हणजे मोटारीला पायी चालणाऱ्याच्या वेगानेच जावे लागावे. अशा गल्लीला ते 'वोनएर्फ' म्हणतात. 'राहण्याचे आवार' असा त्याचा अर्थ. आपण सरळ अंगण म्हणावे. १९७६ साली देशाच्या कायद्याने तिला मान्यता दिली. व्हान आइक यांनी चौकातल्या तुकड्यासाठी जे मागितले होते, ते इथे सबंध रस्त्याला मिळाले.

त्यांची स्वतःची लढाई त्या वेळी जुन्या वस्तीतच चालू होती. निउवमार्क्ट भागातून भुयारी रेल्वे आणि तिच्यावरून रुंद हमरस्ता नेण्याचा महापालिकेचा बेत होता, आणि त्यासाठी घरांच्या ओळीच्या ओळी पाडल्या जात होत्या. १९७५ साली तिथे रहिवासी आणि पोलीस यांच्यात मोठी धुमश्चक्री झाली. भुयारी रेल्वे झाली. हमरस्ता मात्र बारगळला. पाडलेल्या जागांवर पुन्हा जुन्या रस्त्यांच्या मापाची घरे बांधण्याचे काम व्हान आइक आणि त्यांचे सहकारी थेओ बोस यांच्याकडे आले. पालिकेनेच ज्यांना वाळूचे हौद करायला शिकवले, त्यांनी तिच्याच हमरस्त्याविरुद्ध उभे राहावे, हे क्रमप्राप्तच होते म्हणायचे.

मग त्या सातशे जागांचे पुढे काय झाले? बहुतेक गेल्या. कुठे इमारत उभी राहिली, कुठे मोटारी उभ्या करायची सोय झाली. जुन्या घरांच्या फटी तर कधीतरी भरायच्याच होत्या, आणि व्हान आइक यांनाही त्याचे दुःख नव्हते. जागा रिकामी आहे तोवर ती मुलांची, असाच त्यांतला व्यवहार होता. वाळूच्या हौदांचा मुख्य शत्रू मात्र इमारत नव्हती. कुत्री आणि मांजरे! वाळू स्वच्छ ठेवायची तर ती वरचेवर बदलावी लागते, त्याला माणूस लागतो, पैसा लागतो. बांधताना जो उत्साह असतो तो झाडूसाठी टिकत नाही, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नसेल. त्यात १९९० नंतर सुरक्षिततेचे नियम कडक झाले. कठीण फरशीवर उभी असलेली लोखंडी कमान त्या नियमांत बसेना. मुलाचे डोके फुटू नये, ही काळजी कोणी चुकीची म्हणणार नाही. परंतु तिच्या जोडीला रंगीबेरंगी प्लॅस्टिकची, ठरावीक मापाची, यादीतून मागवायची जी खेळणी आली, त्यांत पुन्हा तोच हत्ती आणि तीच घसरगुंडी परत आली.

या मापांच्या बाबतीत ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग गमतीचा आहे. उड्या मारायचे सहा ठोकळे त्यांनी एकेका मुलाच्या हवाली केले आणि सांगितले, तुला खेळायला आवडतील असे मांड. मोठ्या माणसांच्या क्रीडांगणात दोन ठोकळ्यांमधले अंतर बहुधा सारखे असते, दिसायला नीटनेटके. बहुतेक मुलांनी मात्र ती अंतरे मुद्दाम कमीजास्त ठेवली. शिवाय ज्याची उडी लांब त्याची अंतरेही लांब, असेही दिसले. म्हणजे सोपी उडी, जरा अवघड उडी आणि जमली तर जमली अशी उडी, हे सारे त्यांना एकाच खेळात हवे होते.

व्हान आइक १९९९ साली वारले. २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने या खेळाच्या जागांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे शहराला आपल्याजवळ काय होते आणि किती उरले आहे, याची मोजदाद करावीशी वाटली. आज काही मोजक्या जागा मूळ रूपात राखल्या आहेत. फोंडेलपार्क या मोठ्या बागेत त्यांच्या काही नळ्यांच्या चौकटी पाहायला मिळतात.

आणि रेम्ब्रांटची चित्रे जिथे आहेत ते राइक्सम्यूझियम दहा वर्षांच्या डागडुजीनंतर २०१३ साली पुन्हा उघडले, तेव्हा त्याच्या बागेत व्हान आइक यांची काही खेळणी, शहरातल्या दुसऱ्या भागातून सोडवून आणून, बसवण्यात आली. बागेत जायला तिकीट लागत नाही. संग्रहालयाच्या आत रांगेत कंटाळलेली मुले बाहेर आली की, ती वस्तू राष्ट्रीय ठेवा आहे की काय याची चौकशी न करता, सरळ त्या घुमटावर चढतात.